आधी भांगलण, मग युरिया

[दृश्य: पावसाची रिपरिप. जांबोटी रस्त्याच्या कडेचं भाताचं शिवार. खुरप्यांचा आवाज.]

आर्द्रा संपत आलीय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात सकाळी आठाच्या ठोक्याला बायकांची ओळ भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, शेतात बसलेली असते. डोक्यावर खोळ, हातात खुरपं, पाय चिखलात रुतलेले. दिवसभरात ही ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकेल. पोत्यातलं खत भाताला मिळणार की तणाला, हे या बायकांच्या हातावर ठरतं. खताच्या दुकानात मात्र ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून ती इथं सांगायची आहे.

[दृश्य: कोरड्या जमिनीत कुरीनं पेरणी.]

बेळगाव-खानापूर पट्ट्यात भात दोन तऱ्हांनी होतं. कुठं तरवा टाकून, म्हणजे आधी रोपं तयार करून, मग चिखलणी करून लावण. तर कुठं रोहिणीच्या सुमारास, वळवाच्या ओलीवर किंवा पार कोरड्या मातीत, धूळवाफ पेरणी. तण सगळ्यात जास्त छळतं ते धूळवाफेत. लावणीच्या भाताला वीस-पंचवीस दिवसांची आघाडी असते, आणि वाफ्यात साठलेल्या पाण्याखाली तणाच्या बियांना हवा मिळत नाही. धूळवाफेत मिरगाचा पहिला पाऊस पडला की भात आणि तण एकाच दिवशी डोकं वर काढतात. पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस रान स्वच्छ राहिलं, तर पुढं भात स्वतःच्या सावलीनं तणाला दाबतं. ते दिवस हातचे गेले, की नंतर कितीही माणसं लावा, तूट भरून येत नाही.

[दृश्य: हिरवंगार शेत. मग एकाच रोपाचं जवळून चित्रण.]

आमच्याच शेतात ही चूक झाली होती. गावातली तरणी पोरं गोव्याला कामाला, बायका दुसऱ्यांच्या लावणीत गुंतलेल्या. भांगलण दहा दिवस लांबली. भात पिवळं पडत चाललेलं बघवेना, म्हणून मी तणातच युरिया टाकला. आठवड्यात शेत असं हिरवं झालं की जाणारा-येणारा थांबून बघायचा. आक्का बांधावर आली, वाकली आणि एक दांडा उपटून माझ्या हातात दिला.

"हे भात न्हवं गा. पाखड हाय."

मला फरक दिसेना. तिनं पान दांड्यापासून हळूच मागं ओढलं. पान जिथं दांड्याला चिकटतं, तिथं भाताला पातळ, पांढरट पापुद्रा असतो, जिभेसारखा. बाजूला बारीक केसाळ कानही असतात. पाखडाला ना जीभ, ना कान. तिथं सगळं गुळगुळीत. सावा-बरटीच्या कुळातलं हे गवत लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं, म्हणून भांगलणाऱ्याच्या हातून सुटतं. आक्का शाळेत गेलेली नाही, पण चालता चालता बोटानं चाचपून ती पाखड वेगळं काढते. मी तो पापुद्रा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

भुकेल्या तणाला युरिया दिला, की ते भाताच्या पुढं धावतं. पोतं माझं होतं, पीक पाखडाचं आलं.

[दृश्य: खताचं पोतं. हातातून पडणारे पांढरे दाणे.]

युरियाचं पोतं आता 45 किलोचं येतं. त्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. पण टाकलेलं सगळं नत्र पिकाच्या मुळापर्यंत जात नाही. साचलेल्या पाण्यावर विस्कटलं, तर काही अमोनिया होऊन हवेत उडतं. काही वरच्या थरात नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर निचरून जातं. इथला धो-धो पाऊस आणि लाल, निचऱ्याची माती बघता उघडीप नसताना टाकलेला युरिया ओढ्याला वाहून जातो.

यावर उपाय म्हणून कोकणात चारसूत्री भातशेती रुजली. शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी ती मांडली. त्यात खताच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये, मातीत सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसतात. नत्र खाली, भाताच्या मुळाशी राहतं. वर उगवणाऱ्या तणाच्या तोंडाशी ते सहज लागत नाही. गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला मातीत गाडणं हेही त्यातलंच एक सूत्र. सह्याद्रीच्या या बाजूलाही लावणीच्या रानात हे जमण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: पाठीवर पंप घेतलेला शेतकरी.]

मजूर मिळत नाहीत, हे दुखणं खरं आहे, त्यामुळं तणनाशक आलं. त्याला नावं ठेवून भागत नाही, पण ते वापरायची रीत कळायला हवी. बिसपायरीबॅक सोडियम, दहा टक्क्यांचं, एकराला 100 मिली. सोळा लिटरच्या पंपाला दहा मिली धरलं, तर एकराला दहा पंप. तण दोन-तीन पानांवर असताना, आणि फवारणीआधी वाफ्यातलं पाणी काढून. पाण्यात बुडालेल्या पानाला औषध लागणार कसं? एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधायचं. आमच्या गावात एकानं तुडुंब पाण्यात फवारलं, तण तसंच राहिलं, आणि दुकानदारानं त्याला दुप्पट डोस सांगितला. चूक पाण्याची होती, भुर्दंड शेतकऱ्याला बसला. फवारताना तोंडाला रुमाल, हातात मोजे आणि वाऱ्याकडं पाठ, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

जास्त युरियाचं आणखी एक नुकसान उंच वाणांत दिसतं. बेळगावी बासमतीसारखं भात भरमसाट नत्रानं लुसलुशीत होतं, करपा रोगाला बळी पडतं, आणि दाणा भरायच्या वेळी वाऱ्यात आडवं होतं. ज्या वासासाठी लोक हा तांदूळ मागून नेतात, ते पीक चिखलात लोळताना बघणं फार जड जातं.

[दृश्य: संध्याकाळ. बायकांची ओळ बांधाला पोचते.]

आज आमची भांगलण संपली. उपटलेलं तण बांधावर रचलंय. मुळं वर करून, नाहीतर पावसात ते परत धरतं. दुपारपासून उघडीप आहे. आक्का आभाळाकडं बघते आणि मान हलवते. वाफ्यातलं पाणी आम्ही सकाळीच उतरवलंय. पोत्यातला युरिया निम्माच टोपलीत काढलाय. फुटवे धरायच्या वेळेला एवढा बास. उरलेल्या पोत्याचं तोंड आक्का सुतळीनं बांधते आणि घराकडं न्यायला सांगते. ते पोटरीच्या आधी, म्हणजे दांड्यात लोंबी धरायच्या आधी, लागेल.

मी टोपली कमरेला घेऊन वाफ्यात उतरतो. उद्या सकाळी येऊन बांधाची वाट बुजवायची, मग पाणी धरायचं.