घुमटी, झडपा आणि तांब्याचा नाकतोडा

अमेरिकेतील बॉस्टनच्या फॅन्युइल हॉल या जुन्या इमारतीवर, घुमटीच्याही (म्हणजे छपरावर उभारलेल्या छोट्या मनोऱ्याच्याही) टोकाला दिसतो आहे तो वाऱ्याची दिशा दाखवणारा, सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा नाकतोडा. शेम ड्राउन या कारागिराने १७४२ साली तो घडवला आणि त्याला काचेचे डोळे बसवले. शिडाच्या जहाजांवर पोट असलेल्या या बंदरात वारा कुठून वाहतो आहे हे रस्त्यावरून मान वर करताच कळणे ही व्यापाराची गरज होती. अशा दिशादर्शकात आसाच्या दोन्ही बाजूंचे वजन तोलून धरलेले असते, परंतु मागचा भाग पुढच्यापेक्षा रुंद ठेवलेला असल्यामुळे वारा त्यालाच जास्त ढकलतो आणि तोंड आपोआप वाऱ्याच्या उगमाकडे वळते. १७५५ च्या भूकंपात हा नाकतोडा खाली कोसळला, आणि पुढे ड्राउनच्याच मुलाने, थॉमसने, त्याची दुरुस्तीही केली.

त्याच्या खालची घुमटी मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही, आणि खरे काम तर तीच करत असते. व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी उन्हाळ्यात घुमटीच्या खिडक्या उघडल्या की तापलेली हवा मधल्या जिन्याच्या पोकळीतून वर चढून बाहेर पडत असे आणि तिच्या जागी खालच्या दारांतून पोटोमॅक नदीवरची गार हवा आत ओढली जात असे. या घुमटीसाठी वॉशिंग्टन यांनी १७८७ साली, फिलाडेल्फियात संविधान परिषदेचे अध्यक्षपद सांभाळत असतानाच, चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेल्या पक्ष्याच्या आकाराचा दिशादर्शक जोसेफ रेकस्ट्रॉ यांच्याकडून करवून घेतला. चोच काळी आणि डहाळी हिरवी रंगवावी, इतक्या बारकाईने त्यांनी घरी सूचना पाठवल्या होत्या.

शेतावरच्या कोठारांत तर घुमटी हा जिवाचा प्रश्न होता. पुरते न वाळलेले गवत रचून ठेवले की ते आतल्या आत आंबते, तापत जाते आणि कधी कधी ठिणगीवाचून पेट घेते. घुमटीच्या चारही बाजूंच्या या तिरप्या फळ्या, म्हणजेच झडपा, नीट पाहा: त्यांच्या फटींतून दमट, उष्ण वाफ बाहेर जाते, पण उतार बाहेरच्या बाजूला असल्याने पाऊस सहसा आत येत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक घुमट्या बंद छपरावर नुसत्या बसवल्या जातात. त्यांच्याखाली भोकच नसते, मग त्यांना घुमटी तरी का म्हणावे?

मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे कुशिंग आणि व्हाइट यांनी १८६७ पासून असे दिशादर्शक मोठ्या प्रमाणावर घडवले. तांब्याचा पातळ पत्रा लोखंडी साच्यात ठोकून घोड्याचा एक अर्धा भाग, मग दुसरा, असे तयार करायचे, दोन्ही डाख देऊन जोडायचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा, अशी ती पद्धत होती. वर्ख झिजला तरी आयाळीवरचा हातोडीचा एकेक ठोका अजून उठून दिसतो.

पुढे या वस्तूंना संग्राहकांकडून प्रचंड किमती येऊ लागल्या आणि छपरांवरून चोऱ्या होऊ लागल्या. १९७४ साली बॉस्टनचा नाकतोडाही नाहीसा झाला होता. तो त्याच घुमटीत, जुन्या झेंड्यांखाली सापडला. माउंट व्हर्ननचा मूळ पक्षी आता आत जतन केलेला असून छपरावर त्याची प्रतिकृती आहे.