शनिवारची पावती

शनिवार, आठवडी बाजाराचा दिवस, सकाळचे सात. सांगलीत मारुती रोडच्या बाजूला दुकानांची शटर अजून खाली आहेत, पण रस्ता केव्हाच वाटून झालाय. एक वीट, एक फाटकी गोणी, दगडाखाली दाबलेली ताडपत्री. कोणती जागा कुणाची, हे शेजारच्याला पाठ असतं.

[जवळून : बुट्टीतली कृष्णाकाठची वांगी]

मावशी वांगी ओतून घेताहेत. पावतीवाला येतो, पैसे घेतो, पावती फाडतो. ती जाते कमरेच्या चंचीत, सुपारीच्या खांडांशेजारी. हा परवाना का, विचारलं तर म्हणाल्या, "तर! पैसं दिल्यात की."

नाही, मावशी. हे नुसतं आजचं भुईभाडं. सार्वजनिक रस्त्यावर बसायचा हक्क देणारा कागद वेगळा : विक्री प्रमाणपत्र. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं ते देणं शहराच्या पथविक्रेता समितीवर सोपवलंय. अध्यक्ष महापालिका आयुक्त, किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. बाजार कुठं भरायचा, कुठं नाही, याचा आराखडाही समितीच्या शिफारशीनं ठरतो. दर पाच वर्षांत एकदा तरी विक्रेत्यांची पाहणी व्हायची, आणि पाहणी होऊन प्रमाणपत्रं हाती पडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. कागदावर तरी.

प्रत्यक्षात अतिक्रमणची गाडी दिसली की ताडपत्रीची चारही टोकं एकदम उचलली जातात. खरं तर माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्यावी लागते. ठरलेली रक्कम भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत. पण दुपारपर्यंत उन्हात तापलेली वांगी घेणार कोण?

इलेक्ट्रॉनिक काट्याला वर्षाला, लोखंडी वजनांना दोन वर्षांनी वैधमापनचा, म्हणजे वजन-काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो, तो वेगळाच. खेड्यातल्या बाजाराला हा 2014 चा कायदा लागत नाही. तिथं ग्रामपंचायत वसुलीचा लिलाव करते आणि ठेकेदार पावत्या फाडतो.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक ओळ आहे. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार, म्हणजे विकणारे-घेणारे परंपरेनं जमतात ती जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. मावशींच्या सासूबाईही इथंच बसायच्या. पण ते दाखवायचं कशानं?

[जवळून : चंची]

मावशी चंची झटकतात. मागच्या शनिवारची पावती पडते, चुन्यानं माखलेली, आकडा पुसलेला. ती चुरगळून त्या वांग्याच्या देठांत टाकतात.