हुरड्याला आलेल्या पाहुण्यांना काय दाखवावे

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या शेतांवर शहरांतून पाहुणे येऊ लागतात. आगटीत भाजलेल्या कणसांचा गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि नंतर बैलगाडीची फेरी, अशी दिवसाची आखणी बहुतेक ठिकाणी असते. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले आणि या व्यवसायाला सरकारी मान्यताही मिळाली. पण पोटभर खाल्लेले अन्न पिकले कसे, हे पाहुण्यांना समजावण्याचे काम शेतकरी कुटुंबालाच अंगावर घ्यावे लागते, आणि माझ्या मते त्यासाठी दहा पिके दाखवत फिरण्यापेक्षा त्यांना ज्वारीच्या एका वावरात तासभर थांबवावे.

आम्ही सुरुवात मातीपासून करतो. मंगळवेढ्याकडची जमीन काळी आणि खोल आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात, त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो आणि सुमारे चार महिने पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच उभे राहते. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून आम्ही मुलांच्या हाती खुरपे देतो. वरची माती भुसभुशीत आणि कोरडी निघते. वीतभर खाली गेले की मुठीत दाबलेली माती गोळा धरते आणि बोटांना गारवा लागतो. मग कोळपे दाखवायचे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी केली की तण निघते, भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुनी माणसे म्हणतात, ते याचसाठी.

हुरडा पिकला की त्याचीच भाकरी होते, अशी अनेकांची समजूत असते. ती अगदी चूक नाही, पण हुरड्यासाठी आम्ही सुरती, गूळभेंडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले मधुर असे गोड दाण्याचे वाण वेगळे पेरतो, आणि भाकरीसाठी मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही या भागात टिकून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या उंच वाणावर शेतकऱ्याची माया असण्याचे एक कारण कडबा, म्हणजे कणसे काढून घेतल्यावर उरलेली वाळकी धाटे, हे आहे. गोठ्यात गेल्यावर आम्ही मुलांना गव्हाणीतला कडबा आणि वावरातले ज्वारीचे हिरवे ताट, म्हणजे धाट, शेजारी धरून दाखवतो. सकाळी चहात घातलेले दूध याच ताटावर पोसलेल्या जनावराचे आहे, हे ध्यानात आले की प्रश्न सुरू होतात आणि मग आम्हाला फारसे बोलावे लागत नाही. दुष्काळात कडबा इतका महाग होतो की धान्यापेक्षा त्याचीच चिंता अधिक असते, हेही आम्ही लपवत नाही.

काही ठिकाणी छायाचित्रापुरते जाते मांडलेले असते. आम्ही ज्वारी गावातल्या गिरणीतून दळून आणतो आणि तसेच सांगतो. भाकरी मात्र पाहुण्यांनाच थापायला लावतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे गरम पाण्यात नीट मळले नाही तर भाकरीच्या कडा चिरतात, आणि पहिल्या दोन-तीन भाकऱ्या बहुधा गाईच्याच वाट्याला जातात.

श्रोतेहो, आपण अशा शेतावर जाणार असाल तर एकदा फेब्रुवारीत जाऊन पाहा. तेव्हा हुरडा मिळणार नाही आणि उन्हाचा चटकाही बसेल. पण काढणी चालू असेल, मजुरांची चणचण असेल, आणि आपण विचारलेत तर शेतकरी आपल्यालाही काढणीची एक पात, म्हणजे ओळींचा एक पट्टा, धरायला देईल.