तीनदा पंचम

श्रोतेहो, नमस्कार.

व्हायोलिन म्हटलं की आपल्याला गाण्याची साथ आठवते, नाहीतर गायकी अंगाचं एकल वादन. सोनाटात, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या, अनेक भागांच्या पाश्चात्त्य रचनेत, मामला वेगळा. इथे पियानो साथीला बसलेला नसतो. एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स याने तर आपल्या पहिल्या सोनाटावर ‘पियानो आणि व्हायोलिनसाठी’ असंच छापलं, पियानोचं नाव आधी.

‘पहिला’ म्हणायचं, पण याआधी लिहिलेले सोनाटे त्याने स्वतःच नष्ट केले होते. हा जी मेजर स्वरश्रेणीतला, ओपस ७८ (म्हणजे रचना क्रमांक ७८), छापला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

सुरुवात नीट ऐका. खाली पियानोचे हलके स्वरमेळ, आणि वर व्हायोलिन एकच स्वर तीनदा म्हणतं: एक लांब, एक चुटकीसरशी संपणारा, पुन्हा एक लांब. ‘जी’ या स्वराला षड्ज मानलंत तर हा पंचम. ही लय ब्राम्सच्याच एका गीतातून आलीय, ‘रेगेनलीड’, म्हणजे पाऊसगाणं. शब्द कवी क्लाउस ग्रोटचे: पावसा, पड, आणि लहानपणीची माझी स्वप्नं पुन्हा जागी कर. आपल्या मल्हारातले गडगडणारे मेघ इथे शोधू नका. हा पागोळ्यांचा पाऊस आहे.

पण पावसावर थांबलो तर तीन भागांतला मधला, अडाजिओ म्हणजे संथ लयीतला भाग हातून निसटेल. पियानोवादक क्लारा शूमान ही ब्राम्सची जिवलग मैत्रीण; तिचा धाकटा मुलगा फेलिक्स हा ब्राम्सचा धर्मपुत्र. वडील, संगीतकार रॉबर्ट शूमान, मनोरुग्णालयात असताना जन्मलेला; बापाने त्याला कधी पाहिलंच नाही. तो कविता करायचा, व्हायोलिन वाजवायचा. क्षयाने तो खंगला आणि फेब्रुवारी १८७९मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला. त्याच सुमारास ब्राम्सने क्लाराला एक कागद पाठवला. एका बाजूला पत्र, मागे या अडाजिओचे पहिले स्वर. हे अगदी सावकाश वाजवून पाहा, तुझी आणि फेलिक्सची किती आठवण येते ते कळेल, अशा अर्थाचं त्याने लिहिलं होतं. फेलिक्सच्या व्हायोलिनचीही आठवण काढली होती.

आता अडाजिओ ऐका. पियानो एकटाच सुरू होतो. व्हायोलिन गप्प आहे. मला तरी ती शांतता रिकाम्या खुर्चीसारखी वाटते. पुढे पहिल्या भागातली तीच लांब-आखूड-लांब लय येते, पण आता तिची चाल अंत्ययात्रेची झालेली असते.

शेवटचा भाग जी मायनरमध्ये, म्हणजे गंधार कोमल. पुन्हा तीनदा पंचम, आणि पियानोत पावसाची अखंड रिपरिप. क्लाराचा हा इतका लाडका की परलोकी जाताना हाच सोबत असावा असं तिने लिहून ठेवलंय. मध्येच अडाजिओची ती धून परत येते. या वेळी ती व्हायोलिनकडे आहे, दोन तारांवर एकदम. मग गंधार पुन्हा शुद्ध होतो, आणि पाऊस ओसरतो.

सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं लागतील. चहा आधीच करून ठेवा. ऐकू या.