औषध लागू पडलं म्हणजे?

श्रोतेहो, नमस्कार.

तीस वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. त्या काळात आई-वडिलांच्या तोंडून जो प्रश्न मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो असा : "बाई, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि पोरगं पहिल्यांदाच तासभर एका जागी बसलं. म्हणजे त्याला तो एडीएचडी, लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास, आहेच ना?" विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाही असायची आणि धास्तीही. औषध लागू पडलं म्हणजे रोग ओळखला गेला, असं आपण धरून चालतो. खोकल्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा खपून जातं. वाढत्या वयातल्या मेंदूच्या बाबतीत खपत नाही, आणि हे कळायला संशोधकांनाही चाळीस वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते १९३७ साली, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात. तिथं मुलांसाठी ब्रॅडली होम नावाचं मनोरुग्णालय होतं आणि चार्ल्स ब्रॅडली हे तिथले डॉक्टर. त्या काळी एक्स-रेमध्ये मेंदू नीट दिसावा म्हणून कण्यातून मेंदूभोवतीचं पाणी काढून त्या जागी हवा भरत. तपासणी झाली की मुलांचं डोकं भयंकर ठणकायचं. ते थांबावं म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, देऊन पाहिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही. पण शाळेचे शिक्षक सांगत आले की मुलं अभ्यासाला बसू लागली आहेत. मग ब्रॅडलींनी ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिलं. त्यांतल्या १४ जणांच्या अभ्यासात डोळ्यांत भरण्यासारखा फरक पडला. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव दिलं, गणिताच्या गोळ्या.

पुढं १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात, सिबा कंपनीत, लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञानं मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध तयार केलं. त्याची बायको टेनिस खेळायला जाण्याआधी ते घ्यायची. तिला घरी रीटा म्हणत, म्हणून औषधाचं नाव रिटालिन पडलं. एडीएचडीच्या मुलांना औषध द्यायचं ठरलं तर आजही बहुधा याचाच विचार पहिल्यांदा होतो.

उत्तेजक औषधानं चंचल मूल शांत होतं, हे ऐकायला उलटंच वाटतं. त्यामुळे एक समज घट्ट बसला : ज्याचा मेंदू मुळात वेगळा, त्याच्यावरच असा उलटा परिणाम होणार. म्हणजे परिणाम दिसला की निदान पक्कं. डॉक्टरसुद्धा असं म्हणत.

तो समज मोडला ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या या बालमनोविकारतज्ज्ञ. त्यांचा १९७८ चा प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगत असे. १४ मुलगे घेतले, अगदी निरोगी. कुणाच्या वर्तणुकीची तक्रार नाही, अभ्यासाची नाही. त्यांना एकदा डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिनचा एक डोस दिला आणि एकदा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. काय झालं? या मुलांची चुळबूळ कमी झाली, लक्ष जास्त टिकलं, इशारा मिळताच ती जास्त चपळाईनं प्रतिसाद देऊ लागली. जे चंचल मुलांत दिसायचं, तेच निरोगी मुलांत दिसलं! चष्मा लावून स्पष्ट दिसलं तर डोळ्याला नंबर आहे हे कळतं. ही गोळी तशी नाही. ती कुणाचंही लक्ष थोडं वाढवते. म्हणून पोर तासभर बसलं यावरून त्याला एडीएचडी आहे हे सिद्ध होत नाही. निदान व्हायला हवं ते घरात आणि शाळेत, दोन्हीकडे, लहानपणापासून काय दिसतंय ते विचारून. त्याला वेळ लागतो. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तो मागावा. पालकांचा तो हक्क आहे.

याचा अर्थ औषध निरुपयोगी, असा कुणी घेऊ नये. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, १४ महिने. नीट मोजूनमापून, महिन्याच्या महिन्याला तपासून दिलेलं औषध लक्ष आणि चंचलपणा या दोन गोष्टींत नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. मात्र तिसऱ्या वर्षी पाहिलं तर गटागटांतला फरक राहिलेला नव्हता, आणि नव्यानं औषध सुरू होऊन ते सतत चालू राहिलेल्या मुलांची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरनं मागे होती. ही दोन्ही सत्यं एकाच अभ्यासातली आहेत. पालकांना दोन्ही सांगायला हवीत.

आता दुसऱ्या टोकाच्या आजाराकडे येते, स्किझोफ्रेनियाकडे, म्हणजे भास आणि खोटे संशय यांच्या आजाराकडे. आणि त्यासाठी आपल्याच मुंबईत यावं लागतं.

केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला : या मुळीनं रक्तदाब उतरतो. वेडावर सर्पगंधा देण्याची आपल्याकडे जुनी चाल होती, आणि कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच ते लिहून ठेवलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या निबंधामुळे. १९५२ मध्ये सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. कुठं? बाझेलला, सिबा कंपनीत. रिटालिनच्याच घरात. दोनच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं. आणि १९५२ मध्येच पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिएर दनिके यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून पाहिलं होतं.

स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं तेव्हा ससे दगडासारखे निश्चल झाले, आणि डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं एक रसायन, ज्यापासून तयार होतं तो एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडू लागले. मेंदूत डोपामिन किती महत्त्वाचं, ते यातून उलगडलं, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. रिटालिन डोपामिनचा प्रभाव वाढवतं. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं तो अडवतात. एकच रस्सी, एक औषध इकडे ओढतं, दुसरं तिकडे. वाढत्या मुलाच्या डोक्यात ही रस्सी ओढायची, म्हणजे हात किती जपून टाकावा लागेल!

इथं पुन्हा ज्युडिथ रॅपोपोर्ट भेटतात. १९९० च्या सुमारास त्यांनी बालवयात सुरू होणाऱ्या स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला. तेरा वर्षांच्या आत हा आजार अत्यंत विरळा, म्हणून सगळ्या अमेरिकेतून मुलं बोलावली. त्यांनी काय केलं? दाखल झालेल्या मुलांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करून पाहिलं. तेव्हा कळलं की काही मुलांना हा आजार नव्हताच. वेगळंच काही होतं, आणि वर्षानुवर्षं गोळ्या मात्र चालू होत्या. ज्या बाईंनी १९७८ मध्ये दाखवलं की औषधाच्या परिणामावरून निदान करू नका, त्यांनीच हे केलं, याचं मला फार मोल वाटतं. मात्र रुग्णालयाबाहेर कुणी हे स्वतःच्या मनानं करू नये. गोळी अचानक तोडली की आजार दुप्पट जोरानं उसळू शकतो.

त्याच संस्थेत २१ मुलांवर, सरासरी वय १४, क्लोझापिन आणि हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियाच्या दोन औषधांची तुलना झाली. इतर औषधांनी गुण न आलेली ही मुलं. क्लोझापिन सरस ठरलं, पण त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटू शकतात, म्हणून नियमित रक्त तपासत राहावं लागतं.

आणि २००८ चा तो अभ्यास, ज्याच्याशी माझं घर जोडलेलं आहे. ८ ते १९ वर्षांची ११९ मुलं, तीन औषधं, आठ आठवडे : मोलिन्डोन, रिस्पेरिडॉन, ओलान्झापिन. यांत मोलिन्डोन जुनं, बाकीची दोन नवी. नवी महाग औषधं जिंकतील असं वाटलं होतं. गुण आला मोलिन्डोनवर १०० पैकी ५० जणांना, रिस्पेरिडॉनवर ४६ जणांना, ओलान्झापिनवर ३४ जणांना. आणि वजन? मोलिन्डोननं सरासरी ३०० ग्रॅम. रिस्पेरिडॉननं ३.६ किलो. ओलान्झापिननं ६.१ किलो, आठ आठवड्यांत! ओलान्झापिनचा गट मध्येच बंद करावा लागला. वर्षभर तेच औषध टिकवणारे निघाले १०० पैकी जेमतेम १२. मोठ्यांचं औषध अर्ध्या मापानं मुलांना दिलं की झालं, हा समज या आकड्यांनी खोटा पाडला.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा होता. वसतिगृहातली मुलं आपल्या मनातलं ऐकतात, असं तो म्हणू लागला. ओलान्झापिननं भास गेले, सहा महिन्यांत त्याच्या एकाही पँटचं बटण लागेना. तो आरशासमोर जाईना. मग गोळ्या उशीच्या अभ्र्यात साठवू लागला. आम्हाला कळलं तोवर आजार परत आला होता. आम्ही त्याला रागावलो, "एवढं बरं वाटत होतं, मग सोडल्यास कशाला?" औषधशास्त्र शिकवणारी मावशी, आणि मी त्याच्या वजनाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

एक गोष्ट एडीएचडीची गोळी घेणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी. २०१९ मध्ये १३ ते २५ वयाच्या दोन लाखांहून जास्त जणांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या. उत्तेजक औषध सुरू केल्यावर सुमारे ६६० पैकी एकाला भास-संशयाचा नवा त्रास झाला. अ‍ॅम्फेटामिनवर तो मेथिलफेनिडेटपेक्षा जास्त दिसला. आपल्याकडे मुख्यतः मेथिलफेनिडेट आणि उत्तेजक नसलेलं अ‍ॅटोमॉक्सेटिन वापरतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, लाजेपोटी दडवू नका. आणि मूल कानात आवाज येतात म्हणालं तर त्याच दिवशी फोन करा.

कारण उशीर फार महागात पडतो. अमेरिकेत १५ ते ४० वयाच्या ४०४ जणांच्या अभ्यासात पहिला त्रास सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत निम्म्या जणांचे ७४ आठवड्यांहून जास्त गेले होते, आणि जे लवकर आले त्यांना सर्वांगीण उपचारांचा लाभ जास्त झाला. ७४ आठवडे म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. तेवढ्यात आपल्याकडे किती देवस्थानं आणि किती गंडेदोरे होतात, ते आपण जाणता. फोन करायला सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

भाच्याचं औषध डॉक्टरांनी बदललं. माझ्या बहिणीनं त्या दिवशी एक दोनशेपानी वही आणली आणि रेघा मारल्या : तारीख, वजन, कमरेचा घेर, झोप, गोळी घेतली का. दर तीन महिन्यांनी साखर आणि चरबीचे रिपोर्ट त्यातच चिकटवायचे. ओपीडीत डॉक्टर आधी ती वही मागून घेतात. सुरुवातीला सगळं तीच लिहायची. गेल्या दिवाळीत मी वही चाळली, तर भाऊबीजेच्या पानावर "करंज्या : पाच" अशी जास्तीची नोंद होती. अक्षर भाच्याचं होतं.

नमस्कार.