रोल कोणी बांधला?

नमस्कार. टेबलावर नाण्यांचे हे जे सहा रोल आहेत ना, ते पहिल्या रांगेपासून मागे फिरू देत. हाताळा, वजन बघा, टोकं नीट बघा. फक्त फोडू नका, कारण आज मला टोकांबद्दलच जास्त बोलायचंय.

आधी छंद काय ते सांगते. अमेरिकेत बँकेत जायचं, नाण्यांचे रोल दर्शनी किमतीला विकत घ्यायचे, घरी आणून फोडायचे, हवं ते नाणं काढून त्या जागी आपलं साधं नाणं भरायचं आणि बाकीचं सगळं परत बँकेत. दहा डॉलर दिले, दहा डॉलर परत आले. पैसे बुडत नाहीत, बुडतो तो वेळ. आपल्याकडे बँकेत शंभर नाण्यांची पॉलिथिनची पाकिटं दिसतात, तिथे कागदी रोल. एकेका रोलमध्ये किती नाणी हे ठरलेलं आहे: पेनी (एक सेंट) ५०, निकेल (पाच सेंट) ४०, डाइम (दहा सेंट) ५०, क्वार्टर (पंचवीस सेंट) ४०, हाफ डॉलर २०, डॉलरची नाणी २५. कागदाचा रंगही ठरलेला: पेनीला लाल, निकेलला निळा, डाइमला हिरवा, क्वार्टरला नारिंगी. असे ५० रोल भरले की एक डबा. पेनीचा डबा २५ डॉलरला येतो, क्वार्टरचा ५०० ला. नवख्याने पेनीपासून सुरुवात करावी हे उघड आहे.

शोधायचं काय? मुख्य म्हणजे चांदी. १९६४ पर्यंतच्या डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी होती. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के उरली. मग गंमत अशी की चांदी ओळखायला साल वाचावंच लागत नाही. डाइमचा रोल फोडला की नाणी पसरू नका, तशीच चळतीत आडवी ठेवा आणि कडा बघा. हल्लीच्या नाण्यात आत तांबं, वरून तांबं आणि निकेल धातूच्या मिश्रणाचा पत्रा, त्यामुळे कडेला तपकिरी रेघ येते. पन्नास तपकिरी रेघांमध्ये एक कड आरपार पांढरी दिसली, की झालं! शंका असेल तर वजन करा: चांदीची डाइम अडीच ग्रॅम, आजची २.२७ च्या आसपास.

निकेलला ही युक्ती चालत नाही. तिथे १९४२ ते १९४५ ची युद्धकाळातली नाणी शोधायची, त्यांत ३५ टक्के चांदी आहे. मागच्या बाजूला मॉन्टिसेलो या वाड्याचं चित्र असतं, त्याच्या घुमटावर टांकसाळीचं अक्षर, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारं अक्षर, ठसठशीत असतं, आणि नाणं बहुधा मळकट काळपट पडलेलं. पेनीत १९८२ हे वळण. त्याआधीची ९५ टक्के तांब्याची, ३.११ ग्रॅमची, त्या वर्षी दोन्ही प्रकार पडले, आणि पुढची सगळी जस्ताची, वरून तांब्याचा मुलामा, अडीच ग्रॅमची. लोक तांब्याच्या पेन्या बादल्या भरभरून साठवतात. वितळवायला कायद्याने बंदी आहे, विकायला गेलं तर भाव यथातथाच. मला यात काही राम दिसत नाही, पण ज्याची त्याची हौस.

आता टोकांकडे या. हिरवा रोल कोणाकडे आहे? दोन्ही बाजूंना कागदाची कड आत वळवून एकसारखी दाबलीय, मधल्या गोलातून शेवटचं नाणं दिसतंय. हे यंत्राचं काम. चलनासाठीचे रोल टांकसाळ बांधत नाही. ती मोठाल्या गोण्यांतून मोकळी नाणी पाठवते, फेडरल रिझर्व्हमार्फत, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेमार्फत, ती पुढे जातात, आणि रोखीची वाहतूक करणाऱ्या खाजगी कंपन्या ती मोजून गुंडाळतात. दुकानांतून, नाणी मोजायच्या यंत्रांतून परत आलेली चिल्लरही तिथेच मिसळते. म्हणजे यंत्राच्या रोलमध्ये सगळ्या शहराची सरमिसळ असते, आणि तुमच्या आधी चारजणांनी चाळून परत केलेली नाणीही त्यातच. काही लोक बघून झालेल्या नाण्यावर मार्करने ठिपका देतात. तो ठिपका दिसायला लागला की समजावं, या भागात आपल्यासारखेच अजून कोणी आहेत.

सगळी नाणी एकाच सालाची, लखलखीत निघाली तर चांदी विसरा, पण फेकूनही देऊ नका. २००४ साली डेन्व्हरच्या टांकसाळीतल्या विस्कॉन्सिन राज्याचं चित्र असलेल्या काही क्वार्टरवर मक्याच्या कणसाला एक पान जास्तीचं आलं. २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने 'डब्ल्यू' अक्षराची क्वार्टर मुद्दाम चलनात मिसळली, मागच्या बाजूच्या दर वेगळ्या चित्राची २० लाख. ती रोलमध्येही सापडू शकतात.

नारिंगी रोल बघा. टोकाचा कागद बोटांनी दुमडलाय, एक घडी मोठी, एक छोटी. हा हाताने बांधलेला. चपट्या कागदी नळ्या दुकानात मिळतात, लोक घरी बसून भरतात. मला विचाराल तर खरा माल इथे. कोणाच्या तरी आजोबांची चिल्लरची बरणी असते, ते जातात, नातवंडं ती रोलमध्ये भरून बँकेत देऊन मोकळी होतात; साल बघायला कोणाला सवड आहे? अशा रोलमध्ये एखादं नाणं कमी निघतं, एखादं कॅनडाचं घुसलेलं असतं, कारण आकार जवळपास सारखा. कॅनडाचं निघालं म्हणून नाक मुरडू नका, १९२० ते १९६६ च्या त्यांच्या डाइममध्ये ८० टक्के चांदी आहे. म्हणून काउंटरवर सरळ विचारायचं, "गिऱ्हाइकांनी आणून दिलेले रोल आहेत का?" गर्दीच्या वेळी मात्र विचारू नये. मागे पगाराच्या दिवशीची रांग आणि तुम्ही डाइम मागताय, हे बरं दिसत नाही.

मागून प्रश्न आलाय, ऑनलाइन 'न तपासलेले जुने रोल' मिळतात ते घ्यावेत का? अजिबात नाही. पिवळा पडलेला कागद, त्यावर कधीच्या बंद पडलेल्या बँकेचं नाव, एका टोकाला शंभर वर्षांपूर्वीची पेनी, दुसऱ्या टोकाला मागे गव्हाच्या ओंब्या असलेली जुनी पेनी. आत काय असेल या कल्पनेनेच माणूस पाघळतो. अहो, जुने कागद विकत मिळतात, टोकं दाबायची यंत्रंही मिळतात. दोन बरी नाणी टोकांना लावायची आणि मध्ये साधी नाणी भरायची, एवढाच खटाटोप. आणि विकणारा स्वतः नाण्यांच्या धंद्यातला! त्याने आत डोकावून बघितलं नाही, हे तुम्ही मानणार? रोलला दर्शनी किमतीच्या वर एक सेंट देऊ नका.

हाफ डॉलरबद्दल सगळे विचारतात. व्यवहारात ते फारसं फिरतच नाही, म्हणून चांदी त्यात खूप वर्षं टिकली. आता तेही डबे बऱ्यापैकी उपसून झालेत. तरी २००२ ते २०२० मधली नाणी दिसली तर बाजूला ठेवा, ती चलनासाठी पाडलेलीच नव्हती, संग्राहकांसाठी होती.

परत करायची बँक वेगळी ठेवा. जिथून घेता तिथेच ओतलंत तर तुमचाच उकिरडा पुढच्या डब्यात तुमच्याकडे येईल. आणि नाणी मोजायचं यंत्र असलेली शाखा शोधा, कारण हाताने बांधलेले रोल घ्यायला कित्येक शाखा आता नाही म्हणतात.

शेवटचं पेनीबद्दल. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पडली. नाणं कायदेशीर आहे, चालतं. पण नव्या पेन्यांचे चकचकीत रोल आता यायचे नाहीत. जे येईल ते फिरून आलेलं, आणि लोक बरण्या रिकाम्या करतील तसतसं हाताने बांधलेलं. अडचण एकच, कित्येक ठिकाणी पेनी मिळणंच मुश्कील झालंय. तुमच्या ओळखीचं कोणी तिकडे असेल आणि बँकेत पेनीचा डबा मिळत असेल, तर आत्ताच घ्यायला सांगा.