बॅकवॉशचा व्हॉल्व्ह किती उघडायचा?

(दृश्य: निफाड तालुका. द्राक्षबागेच्या कडेला शेततळं, शेजारी पंपघर. सँड फिल्टरच्या दोन टाक्या.)

शेततळ्याचं पाणी वरून कितीही नितळ दिसलं, तरी त्यात शेवाळ असतं, गाळ असतो. ठिबकच्या नळीतून थेंब सोडणाऱ्या ड्रीपरची वाट असते जेमतेम मिलिमीटरभराची. म्हणून पंप आणि बाग यांच्या मध्ये या दोन टाक्या. पाणी वरून येतं, वाळूच्या थरातून खाली उतरतं आणि घाण वाळूत अडकते. ती काढायला पाणी उलटं, खालून वर सोडायचं. हाच बॅकवॉश.

(दृश्य: दोन प्रेशर गेज, जवळून.)

तो कधी करायचा, ते हे दोन गेज सांगतात. एक फिल्टरच्या आधी, एक नंतर. वाळू स्वच्छ असताना दोघांत साधारण 0.2 ते 0.3 किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवरच्या दाबाचा) फरक राहतो. तो 0.5 च्या पुढे गेला, की धुवायची वेळ झाली. इथवर बहुतेक बागायतदारांना पाठ असतं. घोटाळा होतो तो पुढे. जेवढं प्रेशर जास्त तेवढी वाळू स्वच्छ, असं धरून बॅकवॉशचा व्हॉल्व्ह सरळ पूर्ण उघडला जातो.

वाळू धुतली जाते ती प्रवाहाने. अख्खा थर उचलला जाऊन कण सुटे झाले पाहिजेत, एकमेकांवर घासले पाहिजेत. प्रवाह कमी पडला, तर पाणी दोन-चार ठिकाणी वाट पाडून निघून जातं. बाकीची वाळू घट्टच राहते आणि हळूहळू तिच्यात मातीचे गोळे धरतात. प्रवाह जास्त झाला, तर घाणीबरोबर वाळूही बांधावर.

(दृश्य: बॅकवॉशच्या पाइपाच्या तोंडाशी धरलेलं पातळ पांढरं फडकं.)

एक टाकी धुताना पाणी दुसऱ्या टाकीतून गाळून येतं. गेजवर निदान 2 किलो हवेत. कमी असतील तर बागेकडचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. मग बॅकवॉशचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. झटक्यात उघडला, तर थर एकदम उसळतो. आधी चहासारखं पाणी येतं, मग ते फिकं होत जातं. फडक्यावर हात फिरवत राहायचं. बोटाला खरखर लागली, म्हणजे वाळूचे कण यायला लागले. तिथून व्हॉल्व्ह किंचित मागे, कण थांबेपर्यंत. ती जागा रंगाने खूण करून ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी गडी येतो आणि चाक गरागरा फिरवून मोकळा होतो. धुणं चालू ठेवायचं ते पाणी स्वच्छ होईपर्यंत. बहुतेकदा तीन ते पाच मिनिटं पुरतात.

पण ही खूण बारा महिने चालत नाही, आणि हे फार कमी जण सांगतात. थंड पाणी जास्त चिकट असतं. 10 अंशांच्या पाण्याचा चिकटपणा 30 अंशांच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक. त्यामुळे तेवढाच प्रवाह थंडीत वाळू जास्त उचलतो. निफाडची थंडी तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात बसवलेला व्हॉल्व्ह डिसेंबरच्या पहाटे वाळू बाहेर फेकू शकतो. हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा, फडकं पुन्हा धरून बघायलाच हवं.

वाळू गेलीच असेल, तर नदीची वाळू आणून भर घालू नका. तिचे कण लहान-मोठे, गोल गुळगुळीत. फिल्टरला लागते ती एकसारख्या जाडीची, धारदार कडांची.

(दृश्य: वाळूच्या टाक्यांनंतर बसवलेल्या स्क्रीन फिल्टरची जाळी. जाळीत चमकणारे कण.)

आणि बागेला पाणी चालू असताना या जाळीत वाळू सापडली, तर बॅकवॉशच्या व्हॉल्व्हशी खेळत बसू नका. टाकीच्या तळातली, वाळू अडवून पाणी सोडणारी एखादी तोटी फुटलेली असते. पंप बंद करायचा, झाकण काढायचं आणि टाकी उपसायची.